काकांचा अर्धा नारा

नारेकाका अर्धंच वाक्य बोलायचे. उरलेलं अर्धं समोरच्यानं बोलायचं, असा त्यांचा जगाशी करार होता. ते सुरुवात करायचे, उजवा हात वर न्यायचे आणि भुवया उंचावून थांबायचे. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीवर लाल झेंड्याच्या युनियनचे नारे तेच देत. नाव त्यांनी घ्यायचं आणि जिंदाबाद की मुर्दाबाद ते लोकांनी म्हणायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की जिभेला दुसरं वळण राहत नाही. कधी त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य निघालंच, तर कॉलनीतले लोक समजून जायचे की मामला गंभीर आहे.

मी गोंदियाहून लग्न होऊन आले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आमचे हे खाणीच्या टाइम ऑफिसात होते आणि काकांचं क्वार्टर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. पहिल्याच संध्याकाळी काका दारात येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "सूनबाई गोंदियाहून…" आणि हात वर. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे छताकडे पाहत होते. मी घाबरत म्हटलं, "आली."

"अन् आता भरवेलीत…"

"राहीन," मी म्हटलं.

काकांनी हात खाली घेतला, ह्यांना सांगितलं की पोरगी तयार आहे, आणि चहा न घेताच निघून गेले. सासरी मला पास करणारे ते पहिले. मी मात्र मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून इतकी हसले, की सासूबाईंना वाटलं, पोरगी माहेरच्या आठवणीनं रडते आहे. मला हसण्याचा आजार आहे, हे इथेच सांगून टाकते. जिथं हसू नये तिथं तो हमखास उचल खातो. पुढं जे सांगणार आहे त्यात या आजाराचाही थोडा हात आहे.

काकूंनी मात्र या करारावर सही केलेली नव्हती. काका जेवायला बसून "आज भाजीत…" म्हणाले, की त्या तवा न सोडता म्हणायच्या, "मीठ नाई. माहीत हाये. खा." काका खायचे. काकूंचा आवाज कधी चढत नसे आणि काकांची त्यांच्यापुढे कधी मागणी मान्य होत नसे. खाणीच्या मॅनेजरला घाम फोडणारा माणूस घरी मात्र लिंबाचं लोणचं मागून थकला होता. लोणच्यानं गळा धरतो म्हणून ते काकूंनी कायमचं बंद केलं होतं.

कारण गळा ही त्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. काका खाणीच्या तोंडाशी घंटी द्यायचे. माणसांचा पिंजरा खाली सोडायचा की वर घ्यायचा, हे इंजिनवाल्याला घंटीनं कळवायचं, एवढंच काम. पाळीभर तोंडातून शब्द काढायची गरज नाही. साठवलेलं सगळं मग गेट मीटिंगला बाहेर पडायचं. खिशात ज्येष्ठमधाची कांडी असे आणि सकाळी सार्वजनिक नळाशी हळद-मिठाच्या गुळण्या. त्या गुळण्यांच्या आवाजानं आमच्या ओळीतली लेकरं उठत. काका मला एकदा शिकवत होते, "नारा गळ्यातून नाई निंघत सूनबाई, नारा…" मी म्हटलं, पोटातून. ते म्हणाले, "हौ. अन् पोट रिकामं असलं तं अजून चांगला निंघते." हे मात्र ते पूर्ण बोलले.

आता दिल्लीवाल्यांबद्दल सांगायला हवं. दिल्लीवाले म्हणजे त्या काळातले देशाचे एक फार मोठे नेते. त्यांचं नाव मी मुद्दामच घेत नाही. घेतलं, तर तुम्ही पहिल्यांदा पक्ष विचाराल, मग माझी जात काढाल आणि काका राहतील बाजूला. ऐंशीच्या दशकातले दिवस होते, एवढं पुरे. काका त्यांना घरी दिल्लीवालेच म्हणत. आणि गेटवर मात्र वर्षानुवर्षं त्यांचं पूर्ण नाव घेत आणि लोक मुर्दाबाद म्हणत. मागणी बोनसची असो, कॉलनीच्या पाण्याची असो की कॅन्टीनच्या समोशातल्या बटाट्याची असो, सुरुवात दिल्लीवाल्यांपासूनच व्हायची. त्याशिवाय पायांना चाल सापडत नाही, असं काकांचं म्हणणं. डाव्या पायावर नाव, उजव्या पायावर मुर्दाबाद.

पण घरी रेडिओवर दिल्लीवाल्यांचं भाषण लागलं, की काका खाट रेडिओजवळ ओढून घेत आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत, तेही पूर्ण वाक्यात. "हे मागच्या वर्सी बी सांगतलं होतं तुमी." "हां, हे बराबर बोलले." "आता पानी प्या, घसा बसला तुमचा." काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, की इतकं बोलणं माझ्याशी केलं असतं तर माझा संसार गोकुळ झाला असता. एकदा चहाच्या टपरीवर कुणी बाहेरचा माणूस दिल्लीवाल्यांना काहीबाही बोलला, तर काका त्याच्या अंगावर गेले. त्यांच्यावर बोलायचा हक्क आपला आहे, आपण लाठी खाल्ली आहे, तू काय खाल्लंस, असा त्यांचा सवाल होता. त्या माणसाच्या हातात भजं होतं. त्यानं ते खाली ठेवलं.

एकदा दिल्लीवाले बालाघाटला सभेला आले. लाल युनियननं काळे झेंडे दाखवायचं ठरवलं. झेंडे काकूंनी शिवले, कारण काकांनी आणलेलं कापड बघून त्या म्हणाल्या की हे मी शिवलं नाही तर रस्त्यावर उसवून अब्रू जाईल. मंडळी सायकलींवरून बालाघाटला गेली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मोटार आली आणि नेमकी वळणावर हळू झाली. दिल्लीवाल्यांनी काच खाली घेतली, काळ्या झेंड्यांकडे पाहिलं आणि हात जोडले. काकांनी काय केलं असेल? त्यांनीही हात जोडले. झेंड्याची काठी दोन्ही तळव्यांच्या मध्ये, मान खाली, आणि नारा पोटातच. मोटार गेल्यावर युनियनचे अध्यक्ष त्यांना भर रस्त्यात बोलले. काकांना त्याचं काही नव्हतं. पुढं कितीतरी दिवस ते भेटेल त्याला सांगत, "येवढ्या मानसात दिल्लीवाल्यायनं…" आणि समोरच्यानं म्हणायचं, "तुमालेच पाह्यलं." लोक म्हणायचे. काळे झेंडे काकूंनी धुऊन, घडी घालून पेटीत ठेवले.

मग एके दिवशी दुपारी रेडिओवरची गाणी बंद झाली आणि नुसतं वाद्य वाजत राहिलं. दिल्लीवाले गेले होते. आमच्या ओळीतल्या बायका एकेक करून काकांच्या ओट्यापाशी जमल्या. खरं तर जायला हवं होतं तिरंगी युनियनच्या सचिवजींकडे, कारण दिल्लीवाले त्यांच्या पक्षाचे. पण पाय आपोआप इकडे वळले. काका खाटेवर बसून होते. आम्हाला पाहून म्हणाले, "आता मी कोनाले…" आणि थांबले. हात वर गेला नाही. त्या वाक्याचं उरलेलं अर्धं कुणालाच सुचलं नाही. काकूंनी रेडिओ बारीक केला आणि ताट वाढलं. काकांनी ते तसंच बाजूला सारलं आणि काकूंनी ते झाकून ठेवलं.

आमच्या खाणीवर युनियनी तीन होत्या. लाल, तिरंगी आणि एक छोटी पिवळी. तिघींचं आपसात कधी पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिघींनी मिळून शोकयात्रा काढायची आणि गेटवर एकत्र शोकसभा घ्यायची असं ठरलं. ठरलं म्हणजे लगेच भांडण सुरू झालं. झेंडे अर्ध्यावर आणायचे होते. गेटवर तिघींचे तीन खांब, आणि दर वर्षी प्रत्येकीनं आपला खांब शेजाऱ्यापेक्षा वीतभर वाढवलेला. त्यामुळे तिरंगीचा अर्धा झेंडा पिवळीच्या पूर्ण झेंड्याच्या वर फडकत होता. पिवळीवाले म्हणाले, हा कसला शोक, हा तर आमच्या डोक्यावर बसून केलेला शोक. शेवटी एक उंच गडी उभा केला आणि त्याचा वर केलेला हात जिथं पोचेल तिथं तिन्ही झेंडे आणले. लालवाल्यांनी त्यासाठी आपला गडी आणला होता, पण तो लालचा म्हणून नाकारला गेला.

काळ्या फितींसाठी कापड मिळेना. बालाघाटच्या बाजारातलं काळं कापड शहरातल्या पुढाऱ्यांनी आधीच उचललं होतं. तेव्हा काकूंनी पेटी उघडली, ते जुने काळे झेंडे काढले आणि कात्री लावली. दिल्लीवाल्यांना दाखवलेल्या झेंड्यांच्याच फिती होऊन तिन्ही युनियनींच्या दंडावर लागल्या. सचिवजींना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. ते फीत बांधून घेताना कापडाची तारीफ करत होते. मला तिथून उठून जावं लागलं.

खरा पेच आवाजाचा होता. बालाघाटातले सगळे लाउडस्पीकरवाले त्या दिवशी शहरातल्या शोकसभांना गुंतलेले. म्हणजे उघड्या गळ्याचं काम. सचिवजी मनानं फार चांगले, पण त्यांचा आवाज पहिल्या रांगेतच बसकण मारायचा. पिवळीत तर बोलणारंच कुणी नव्हतं, सगळे तक्रार करणारे. भरवेलीत एकच गळा होता, जो गेटपासून पार मागच्या सायकलींपर्यंत पोचायचा. सचिवजी संध्याकाळी काकांच्या ओट्यावर आले. इतकी वर्षं शेजारच्या खांबाखालून एकमेकांना ऐकलेलं, पण ओट्यावर बसायची पहिलीच वेळ. चप्पल काढून उभेच राहिले आणि म्हणाले, "साहब को आप विदा करेंगे, तो हमारी बात रह जाएगी."

काका म्हणाले, "हौ जी." इतकंच.

हे कळताच लालचे अध्यक्ष धावत आले. त्यांचंही चूक नव्हतं. काकांचा घसा गेले काही महिने धरत होता, दवाखान्यातल्या कंपाउंडरनं बजावून सांगितलं होतं, की आता गळ्याला आराम द्या, एकदा जोर लावलात तर हा आवाज कायमचा बसेल. आणि थोड्याच दिवसांत मागण्यांची मोठी गेट मीटिंग होती. अध्यक्षांचा हिशेब साधा होता. या गळ्यात एकच मोठा दिवस शिल्लक आहे, तो आपल्यासाठी ठेवायचा की ज्यांच्या विरोधात जन्म काढला त्यांच्यासाठी उधळायचा? काकांनी उठून हळद-मीठ घेतलं आणि नळावर गेले.

पण काकांना धाक गळ्याचा नव्हता. मी पाणी भरायला गेले तेव्हा ते नळाशीच उभे होते. म्हणाले, "सूनबाई, नाव तं मी घेईन. पन मांगून…" आणि माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर येत होतं, पण जीभ वळेना. मागून काकूंनीच हंडा ठेवता ठेवता म्हटलं, "मुर्दाबाद."

हीच गोची होती. लाल युनियनच्या माणसांना त्या नावामागे दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती. मेलेल्या माणसाचं नाव घेतलं आणि मागून मुर्दाबाद आलं, तर तिन्ही युनियनी तिथंच एकमेकांच्या अंगावर जातील, आणि दिल्लीवाल्यांच्या शेवटच्या निरोपाची अशी शोभा होईल. काका म्हणाले, "एक डाव चांगलं बोलाले भेटून राह्यलं त्यायच्यासाठी. ते बी बिघडलं तं मी तोंड नाई दाखवू शकत." 

तेव्हा नळावरच तालीम सुरू झाली. पाण्याच्या रांगेतल्या सगळ्या बायका, कमरेवर हंडे. काकांनी हळू आवाजात नाव घेतलं, हात वर केला. आम्हाला "अमर रहे" म्हणायचं होतं. आम्ही एका सुरात मुर्दाबाद म्हटलं. ज्या बायकांनी जन्मात नारा दिला नव्हता, त्यांनीही. वर्षानुवर्षं खिडकीतून ऐकलेलं कुठं जाणार? काकांनी पुन्हा नाव घेतलं, या वेळी मागे "जी" लावून. पुन्हा मुर्दाबाद, फक्त थोडं अदबीनं. त्यांनी पुढं "आदरणीय" लावलं. एक म्हातारी आजीबाई डोळे मिटून, अगदी हात जोडून मुर्दाबाद म्हणाली, आणि माझ्या कमरेवरचा हंडा निसटला. मग सगळ्याच हसायला लागल्या. पाणी वाहून चाललं, नळाचा वेळ संपला आणि अर्ध्या ओळीत त्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं. काका मधोमध उभे राहून म्हणत होते, "अव बायायहो, मानूस मेला हाये." त्यावर तर आम्ही खालीच बसलो.

मी त्यांना म्हटलं, काका, नावच कशाला घेता? नुसतं 'हमारे नेता' म्हणा. नाव नाही तर सवयही नाही. मला वाटलं, काय अक्कल चालवली. काका माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "नाव नाई घेतलं तं मयत कोनाची?" माझं हसू तिथंच विरलं.

दुसऱ्या दिवशी शोकयात्रा निघाली. खाणीतून वर आलेली पाळी आणि खाली जाणारी पाळी, दोन्ही. पुढं बायका, मागं लाल, तिरंगी, पिवळे, सगळ्यांच्या दंडावर काकूंच्या फिती. वाटेत नारे द्यायचे नाहीत, नुसतं चालायचं, असं काकांनीच ठरवलं होतं, कारण पाय चालायला लागले की जिभेला जुनी चाल आठवते. नारा फक्त गेटवर, उभं राहून. काका सगळ्यांना जाता जाता सांगत होते, "ध्यानात ठेवजा, अमर…" आणि लोक म्हणत होते, "रहे." चाललं होतं छान.

गेटवर कॅन्टीनचं टेबल आणलेलं होतं. काका त्यावर चढले. दिल्लीवाल्यांचा फोटो खुर्चीवर हार घालून ठेवलेला, त्यांच्याकडे एकदा पाहिलं. सगळा जमाव इतका गप्प, की मागच्या सायकलींपैकी एक आडवी पडली तर दचकायला झालं. काकांनी छाती भरून घेतली आणि नाव घेतलं. पूर्ण नाव, मागे जी. असा नारा मी त्याआधी ऐकला नव्हता. गेटपलीकडच्या शेडचे पत्रे थरथरले असतील. हात वर गेला.

आणि भरवेलीनं उत्तर दिलं, "मुर्दाबाद!"

एकट्या लाल युनियननं दिलं असतं तर मारामारी झाली असती. पण दिलं सगळ्यांनी. तिरंगीवाल्यांनीसुद्धा. इतकी वर्षं शेजारच्या खांबाखाली उभं राहून रोज जे ऐकलं, तेच त्यांच्या तोंडून निघालं, आणि तेही काकांच्या त्या आवाजावर स्वार होऊन. पिवळीवाले तर, ज्यांना कधी एका सुरात काही म्हणता आलं नाही, ते त्या दिवशी पहिल्यांदा सुरात होते. मी सचिवजींच्या जवळच उभी होते. मी शपथेवर सांगते, त्यांचंही तोंड मुर्दाबादच्या "द"वर उघडं होतं.

मग कुणी कुणाकडं बघेना. काकांचा हात वरच राहिलेला, चेहरा पांढराफटक. माझ्या पोटात तो आजार उसळायला लागला, मी पदर तोंडात कोंबला, काकूंनी माझा दंड चिमट्यात धरला आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्या स्वतः हलताहेत.

सचिवजी टेबलाजवळ गेले. आता काय होणार म्हणून लालचे अध्यक्ष बाह्या सावरायला लागले. सचिवजींनी काकांकडं वर पाहिलं आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "साहब जहाँ भी होंगे, पहचान गए होंगे कि भरवेली आ गया."

पहिल्या रांगेनं ऐकलं आणि ती हसली. दुसऱ्या रांगेनं पहिलीला विचारलं, तीही हसली. असं ते हसू मागे मागे सायकलींपर्यंत गेलं. दंडावर काळ्या फिती बांधलेली शेकडो माणसं दिल्लीवाल्यांच्या हार घातलेल्या फोटोपुढं उभी राहून हसत होती, आणि मला उगीच वाटलं की फोटोसुद्धा त्यात आहे. मी तर इतकी हसले की शेजारणीनं मला धरून ठेवलं. आणि टेबलावर काका हसत होते, हसता हसता त्यांचे खांदे वेगळेच हलायला लागले, आणि ते रडताहेत हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला. मग मीही रडले. हसण्याच्या त्याच दमात, डोळ्यांत तेच पाणी.

काकांनी गमछ्यानं तोंड पुसलं. म्हणाले, "कोनी शरमू नका. सवय हाये. येवढ्या वर्साची सवय एका दिवसात थोडीच जाते. मी पुन्हा नाव घेतो." आणि पुन्हा घेतलं. या वेळी निम्मे अमर रहे म्हणाले, निम्मे अर्ध्यावर चुकले. काकांनी तिसऱ्यांदा घेतलं. अध्यक्ष खालून हातानं खूण करत होते की बस करा, गळा सांभाळा. काका त्यांच्याकडं पाहतच नव्हते. ते नाव घेत राहिले. प्रत्येक वेळी आवाज थोडा फाटत होता, आणि प्रत्येक वेळी मागचं मुर्दाबाद थोडं कमी होत होतं. शेवटी एकदा सगळं भरवेली, तिन्ही खांबांखालचं, एका तोंडानं म्हणालं, "अमर रहे." काकांनी ते ऐकलं, मान हलवली, आणि पुन्हा एकदा नाव घ्यायला तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही. नुसती हवा. त्या वेळी मागे कुणी थांबलं नाही. लोकांनी नाव स्वतःच घेतलं आणि अमर रहेही स्वतःच म्हटलं.

तो आवाज पुन्हा आला नाही. कंपाउंडरनं गोळ्या दिल्या, काकूंनी काढे दिले, बैहरकडच्या कुणा वैद्याच्या मुळ्याही चघळून झाल्या. पुढं काका कुजबुजूनच बोलत, आणि कुजबुजताना माणूस वाक्य पूर्ण करतो, असं दिसतं. रिटायर होऊन ते बैहरकडं आपल्या गावी गेले. जीपमध्ये सामान चढवायला तिन्ही युनियनींची माणसं आली होती आणि सचिवजी काकूंच्या पेटीवर हात ठेवून उगीच उभे होते. काही वर्षांनी काका गेल्याचं कळलं. मला त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. आम्ही दोघंही नुसते ओट्यावर बसून राहिलो.

पण मला काका आठवतात ते शोकसभेच्या पाचसहा दिवसांनंतरच्या एका संध्याकाळचे. मागण्यांची गेट मीटिंग तोंडावर आली होती. अध्यक्ष काकांच्या ओट्यावर बसले होते, मी आत काकूंना गहू निवडू लागत होते. अध्यक्ष बराच वेळ चिडून बोलत राहिले, आणि चिडण्यापेक्षा त्यांना वाईटच जास्त वाटत होतं. इतकी वर्षं जपलेला आवाज, आपल्या लोकांसाठी जपलेला, आणि तो तुम्ही त्यांच्यावर घालवलात. आपल्यासाठी काय ठेवलंत?

काका गुळण्या करून आले होते. पेला खाली ठेवून त्यांनी अध्यक्षांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या फाटक्या कुजबुजीत म्हणाले, "आपल्या मानसासाठी तं कोनीबी वरडते, अध्यक्षसाहेब."

 आतून काकूंनी दोघांसाठी जेवण वाढलं, आणि काकांच्या ताटात, न मागता, लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली.